तीस सप्टेंबरची पटसंख्या

आमच्या कॉलेजात अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. कागदोपत्री नाव एवढं लांब असलं तरी सगळे त्याला ‘आयशे’च म्हणतात. केंद्र सरकारने २०१०-११ या वर्षापासून ते सुरू केलं. विद्यापीठांनी, संलग्न कॉलेजांनी आणि स्वतंत्र संस्थांनी दरवर्षी आपापली माहिती भरायची: कुठला अभ्यासक्रम, कितवं वर्ष, कुठला प्रवर्ग, त्यात मुली किती, शिकवायला कोण. मी रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे एमएस्सी आणि पीएचडीच्या रकान्यांपाशी आल्यावर माझा हात आपोआप सावकाश चालतो. ज्यांच्याकडे हे काम नव्याने आलंय, त्यांच्यासाठी माझे अनुभव लिहून ठेवते.

१. आकडा प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये मिळतो.

ऑफिसातल्या प्रवेशाच्या रजिस्टरवर नाव असतं, फीची पावतीही असते. पण एमएस्सी भाग एकच्या याद्या सप्टेंबरभर हलत असतात. मुलगा आमच्याकडे प्रवेश घेतो, आणि पुढच्या फेरीत शिवाजी विद्यापीठाच्या विभागात नाव लागलं की तिथे, विद्यानगरला, निघून जातो. त्याचा प्रवेश रीतसर रद्द व्हायला वेळ लागतो. सर्वेक्षणाची संदर्भ तारीख साधारणपणे ३० सप्टेंबर. त्या दिवशी तो मुलगा दोन्हीकडे दिसतो. म्हणून मी विभागप्रमुखांकडून प्रॅक्टिकलच्या बॅचची यादी मागते. जो ब्यूरेट हातात घेऊन टेबलाशी उभा आहे, तो आमचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर आला, त्या वर्षी ही यादी फार कामाला आली. शिरोळ, करवीरच्या कितीतरी मुलांची कागदपत्रं भिजली होती. ऑफिसच्या लेखी त्यांचे प्रवेश अपुरे होते, मुलं वर्गात मात्र येऊन बसत होती.

२. पीएचडीच्या विद्यार्थ्याचं घर आधी ठरवा.

नोंदणी विद्यापीठात, मार्गदर्शक गडहिंग्लजच्या कॉलेजात, उपकरण तिसऱ्याच ठिकाणी. अशा विद्यार्थ्याला तिघंही आपला म्हणतात, किंवा तिघंही दुसऱ्याचा समजून सोडून देतात. विद्यापीठातल्या आयशेच्या नोडल अधिकाऱ्याला एक फोन केला की हा प्रश्न सुटतो. तो फोन अर्ज भरण्याआधी करावा.

३. विषयाचा गट घाईने निवडू नये.

शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्स आणि बायोटेक्नॉलॉजीचं वेगळं स्कूल आहे, अ‍ॅग्रोकेमिकल्स अँड पेस्ट मॅनेजमेंटचा विभाग आहे. असे विषय विज्ञानात धरायचे, तंत्रज्ञानात की शेतीत? एका कॉलेजाने एक गट निवडला आणि शेजारच्याने दुसरा, तर देशाच्या तक्त्यात एकच अभ्यासक्रम दोन ठिकाणी विखुरतो. पदवीवर काय छापलं जातं ते बघावं, मागच्या वर्षी काय भरलं होतं ते बघावं, आणि बदल करायचाच असेल तर विद्यापीठाला विचारून करावा. २०२०-२१ पासून अर्ज थेट संकेतस्थळावर भरतात. पूर्वीच्या पीडीएफपेक्षा ते कितीतरी सोपं झालं आहे, पण हा निर्णय संगणक घेत नाही.

४. कोल्हापुरात तरी प्रवर्गाच्या रकान्याला कंटाळू नये.

राजर्षी शाहू महाराजांनी मागास वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा हुकूम २६ जुलै १९०२ रोजी करवीरच्या गॅझेटात प्रसिद्ध केला, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याच हुकमातलं पुढचं कलम मात्र फारसं कुणी सांगत नाही. हुकूम निघाल्यानंतर झालेल्या नेमणुकांचं दर तीन महिन्यांचं पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने सादर करावं, असं त्यात बजावलं होतं. म्हणजे जागा राखल्या आणि त्या भरल्या जातात की नाही हे मोजायची सोयही लगेच केली. त्याआधी १८९४ साली, महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला तेव्हा, दरबारच्या सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० एकाच जातीकडे होत्या. हा आकडा कुणीतरी मोजून ठेवला होता, म्हणूनच तो आज सांगता येतो. आपलं काम त्याच परंपरेतलं आहे असं मी मनापासून मानते.

म्हणून एक गोष्ट मला टोचते. महाराष्ट्रात विमुक्त जाती, भटक्या जमातींचे अ, ब, क, ड असे गट आणि विशेष मागास प्रवर्ग अशी वर्गवारी आहे. केंद्राच्या अर्जात खुला, आर्थिक दुर्बल, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि ओबीसी एवढेच रकाने. राधानगरीच्या किंवा शाहूवाडीच्या धनगरवाड्यावरून, वाटेवर ओढे ओलांडत, फिजिक्सला एमएस्सीपर्यंत आलेला मुलगा तिथे ओबीसीच्या बेरजेत मिसळतो. धनगरवाड्यांवरून किती मुलं पदव्युत्तर विज्ञानाला येतात, हे त्या तक्त्यातून कधीच कळणार नाही. आमच्या कॉलेजात आम्ही राज्याच्या वर्गवारीचा तक्ता वेगळा ठेवतो. तो दिल्लीला जात नाही, आमच्याजवळ राहतो, आणि शिष्यवृत्तीचे अर्ज कुणाचे राहिलेत हे त्याच्यावरून कळतं.

५. मुलींचा आकडा दोनदा वाचावा.

२०२१-२२ चा अहवाल जानेवारी २०२४ मध्ये आला. त्यात विज्ञान शाखेत पदवीपासून पीएचडीपर्यंत सगळे मिळून ५७.२ लाख विद्यार्थी, आणि त्यात मुली २९.८ लाख, म्हणजे मुलांपेक्षा जास्त. ते वाचून मला अतिशय आनंद झाला होता. आमच्या एमएस्सीच्या वर्गातही तेच चित्र आहे: चंदगड, आजरा, भुदरगडच्या मुली, काही हॉस्टेलवर, काही एसटीच्या पासवर. त्याच अहवालात सगळ्या विषयांचे पीएचडीचे विद्यार्थी २.१२ लाख आहेत. २०१४-१५ मध्ये ते १.१७ लाख होते. वाढ मोठी आहे. पण त्यातल्या स्त्रिया ०.९९ लाख, म्हणजे निम्म्याहून कमी. एक आकडा फक्त विज्ञानाचा आणि दुसरा सगळ्या विषयांचा, तेव्हा त्यांची थेट तुलना करता येत नाही. तरीही वरच्या पायरीवर मुलींचं पारडं हलकं होतं, हे वर्गात उभं राहिलं की दिसतंच.

का होतं, हे अर्ज सांगत नाही. एका मुलीचे वडील मला म्हणाले होते, “पोरगी हुशार हाय मॅडम, न्हाई म्हनत न्हाई. पर आनी शिकली तर तिच्याजोगं स्थळ कुठनं आनायचं?” ते वाईट गृहस्थ नव्हते. तिच्या फीसाठी त्यांनी म्हैस विकली होती. अशा माणसाशी बोलताना स्त्रीशिक्षणावरचं भाषण उपयोगी पडत नाही. संशोधनवृत्ती महिन्याला किती मिळते, मुलगी राहणार कुठे, वर्षं किती लागणार, हे रुपयांत आणि महिन्यांत सांगावं लागतं. ती मुलगी पुढे पीएचडीला लागली. माझं बोलणं आणि तिचा हट्ट, यांत हट्टच मोठा होता.

राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. अभियांत्रिकीकडे त्यामुळे मुली वाढल्या का, हे पुढच्या काही वर्षांच्या याच रकान्यांतून ठरेल. म्हणून ते नीट भरले पाहिजेत.

६. पटात घट दिसली की आधी नकाशा बघा.

२०२१ मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झालं आणि रयत शिक्षण संस्थेची तीन कॉलेजं त्यात गेली, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्ससुद्धा. तिथली मुलं शिवाजी विद्यापीठाच्या पटावरून उतरून नव्या पटावर चढली. शिकणारं पोर तेच, बाकही तोच. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झालं तेव्हा पुणे विद्यापीठाकडची इथली कॉलेजं अशीच या पटावर आली होती.

७. बाहेर गेलेला मुलगा दुसऱ्या देशाच्या तक्त्यात असतो.

अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशन १९६६ पासून विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं असंच सर्वेक्षण करतं. कोल्हापुरात बीई करून एमएसला गेलेला मुलगा आपल्याकडे पदवीनंतर दिसेनासा होतो आणि तिथे तात्पुरत्या व्हिसावरच्या विद्यार्थ्यांत मोजला जातो. त्या सर्वेक्षणातली एक गोष्ट मला घ्यावीशी वाटते. पूर्णवेळ विद्यार्थ्याचा खर्च मुख्यतः कशातून चालतो, हे ते विभागवार विचारतात: फेलोशिप, संशोधन सहायकाचं काम, शिकवण्याचं काम की स्वतःचे पैसे. आपल्याकडे शिष्यवृत्तीचा रकाना आहे. पण सकाळी क्लासमध्ये शिकवून, रात्री गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पाळी करून एमएस्सी करणाऱ्या मुलाला कुठल्या रकान्यात बसवायचं?

८. जे गेले त्यांची वही ठेवावी.

सर्वेक्षण एका तारखेला कोण आहे ते विचारतं, आणि पुढे शेवटच्या वर्षाचा निकाल विचारतं. मधल्या काळात कोण गळलं, हे त्यात थेट येत नाही. आम्ही विभागात एक साधी वही सुरू केली: नाव, तालुका, शेवटचं प्रॅक्टिकल कधी केलं, का थांबला, आता कुठे आहे. कुणी सलग आठवडाभर आला नाही की शिक्षकाने फोन करायचा आणि उत्तर त्याच दिवशी लिहायचं. सगळ्यांना वाटत होतं की मुली लग्नामुळे जातात. तशा काही गेल्याच. पण वहीत त्याहून जास्त वेळा खोलीचं भाडं, कागल-शिरोलीच्या एमआयडीसीतली नोकरी आणि गावची शेवटची गाडी ही कारणं निघाली. प्रॅक्टिकल संपायचं संध्याकाळी आणि गाडी सुटायची त्याआधी. त्या गाडीने जाणाऱ्या मुलींच्या बॅचेस आम्ही सकाळी घेतल्या. त्यांच्यातल्या ज्या सोडायच्या बेतात होत्या, त्या टिकल्या.

आता जिल्ह्यातल्या इतर विज्ञान महाविद्यालयांना माझं एवढंच मागणं आहे. गेल्या वर्षी एमएस्सी भाग एकला किती होते आणि त्यांच्यापैकी यंदा भाग दोनला किती आहेत, हे दोन आकडे प्रत्येक विभागाने ऑक्टोबरात काढावेत आणि मुलींचे वेगळे लिहावेत. यासाठी वरून परिपत्रक यायची वाट बघायला नको. वहीचा नमुना आमच्या विभागात तयार आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी कधीही येऊन त्याची झेरॉक्स घेऊन जावी.