बोंडातले पन्नास दिवस

यवतमाळ-अकोल्याकडे कोरडवाहू शेतातला कापूस दोन-तीन वेचण्यांत घरी येतो. बियाणे एक, शेत एक. तरी शेवटच्या वेचणीच्या कापसाला बहुधा भाव कमी मिळतो. असे का व्हावे?

कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरील एकच पेशी होय. फूल उमलताच ती वाढू लागते. पहिले सुमारे तीन आठवडे ती केवळ लांब होते. आत भरलेल्या पाण्याच्या दाबाने ती ताणली जाते. या काळात जमिनीतील ओल तुटली, तर तंतू आखूड राहतो.

पुढील तीन-चार आठवडे भिंत आतून जाड होते. पानांत तयार झालेल्या साखरेपासून सेल्युलोजचे थर बसतात. दिवस-रात्रीच्या तापमानातील फरकामुळे ते खोडातील वर्षवलयांसारखे दिसतात. मात्र येथे एक वलय म्हणजे एक दिवस! रात्री गार झाल्या की हे काम मंदावते. उशिरा धरलेली बोंडे नेमकी थंडीत भरतात. तोवर जमिनीतील ओलही आटलेली असते. मग तंतू कच्चे राहतात. त्यांच्या सुतात गुठळ्या होतात आणि रंगही नीट चढत नाही.

याच आठवड्यांत सरकीत तेल साठत असते. त्यालाही तीच साखर लागते. साखर अपुरी पडली, तर तंतू आणि तेल दोहोंनाही झळ पोचते. फुटलेल्या बोंडावर पाऊस पडला, तर भिजलेल्या सरकीतील तेलाचे विघटन होऊन मुक्त मेदाम्ले वाढतात. असे तेल शुद्ध करताना घट जास्त येते.

तंतूचा कच्चेपणा मोजायचा कसा? येथे भौतिकशास्त्र मदतीला येते. ठराविक वजनाची रुई ठराविक आकाराच्या डबीत दाबून तिच्यातून हवा सोडतात. कच्चे तंतू हलके, म्हणून तेवढ्याच वजनात त्यांची संख्या जास्त. त्यामुळे एकूण पृष्ठभाग वाढतो, हवेला विरोध वाढतो आणि प्रवाह कमी होतो. या मापाला ‘मायक्रोनेअर’ म्हणतात; साधारण ३.५ ते ४.९ हा आकडा चांगला मानतात. परंतु मुळातच बारीक तंतूच्या जातीचाही आकडा कमी येतो. म्हणून तुलना एकाच जातीत करावी. मुंबईत माटुंग्याला १९२४ साली स्थापन झालेल्या प्रयोगशाळेत कापसाच्या अशा गुणांचा अभ्यास होत आला आहे.

तुम्हीही एक प्रयोग करा. एकाच शेतातील पहिल्या व शेवटच्या वेचणीच्या दहा-दहा सरक्या घ्या. तंतू न तोडता हलकेच विंचरा आणि पट्टीने लांबी मोजा. सरासरीत फरक पडला, तर ती बोंडे धरली तेव्हा पाऊसपाणी कसे होते, हे शेतकऱ्याला विचारा.