उपाध्यक्षाची निवड

अमेरिकेचा इतिहास शिकवितांना उपाध्यक्षाचें नांव आलें कीं वर्गांत हटकून प्रश्न येतो, “ह्या मनुष्याचें काम काय?” राज्यघटनेप्रमाणें काम थोडें आहे : सिनेटचें अध्यक्षस्थान, आणि वेळ आल्यास राष्ट्राध्यक्षाची जागा घेणें. पात्रता म्हणून ती जन्मसिद्ध नागरिकत्व, ३५ वर्षांचें वय व देशांतील १४ वर्षांचा वास एवढेंच मागते. अनुभवाविषयीं एक अक्षरहि नाहीं.

सन १८८० मध्यें रिपब्लिकन पक्षानें शिकागोच्या अधिवेशनांत छत्तिसाव्या मतदानानें जेम्स गारफील्ड यांस उमेदवार ठरविलें. न्यूयॉर्कचा पराभूत गट रुसला. त्याची समजूत घालण्याकरितां चेस्टर आर्थर यांस जोडीस घेतलें. हे गृहस्थ लोकांच्या मतांनीं कोणत्याहि पदावर पूर्वीं निवडून आलेले नव्हते. ते न्यूयॉर्क बंदराच्या जकातखात्याचे मुख्य असतां तेथील नोकऱ्यांच्या वांटपावरून वाद माजला, व १८७८ सालीं राष्ट्राध्यक्ष हेझ यांनीं त्यांस दूर केलें होतें.

२ जुलै १८८१ रोजीं वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनांत गारफील्ड यांस गोळी लागली. मारेकरी सरकारी नोकरीसाठीं हेलपाटे घालून निराश झालेला; वर आपण आर्थर यांच्याच गटाचे, असें तो सांगू लागला! गारफील्ड ७९ दिवस अंथरुणास खिळून होते. राष्ट्राध्यक्ष असमर्थ झाला हें ठरवावें कोणीं, याचा खुलासा राज्यघटनेंत नव्हता. तो १९६७ च्या पंचविसाव्या दुरुस्तीनें झाला. त्या संशयाच्या दिवसांत आर्थर यांनीं अधिकारास हात लाविला नाहीं. त्यांची खरी परीक्षा आमच्या मतें येथेंच झाली. १९ सप्टेंबरला गारफील्ड वारले. आणि १८८३ च्या जानेवारींत कांहीं सरकारी नोकऱ्या स्पर्धापरीक्षेनें भरण्याच्या पेंडल्टन कायद्यावर सही झाली ती आर्थर यांचीच.

मग अनुभव हवा कशाला, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें पटत नाहीं. पक्षानें डोळे मिटून फांसे टाकले. दान अनुकूल पडलें, इतकेंच. २००८ सालीं ७२ वर्षांच्या जॉन मकेन यांनीं अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांस निवडिलें, तेव्हां त्यांस त्या पदावर दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं. मकेन हरले, म्हणून तें दान उघडलेंच नाहीं.

अनुभवी मनुष्यहि कोरा ठेवतां येतो, ही गोष्ट निराळी. हॅरी ट्रूमन दहा वर्षें सिनेटर होते. तरी ८२ दिवसांच्या उपाध्यक्षपदानंतर, १९४५ च्या एप्रिलांत, ते राष्ट्राध्यक्ष झाले, आणि अणुबाँबची पुरी हकीकत त्यांस सांगण्यांत आली ती त्यानंतर.