शाळेच्या संगणकावर दूरदर्शनचा पाठ : चित्र कोठे हरवते?

शिक्षकाने फळ्यावर शिकविलेला पाठ दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकविता येतो. दूरदर्शनवरून प्रक्षेपित होणारा पाठ मात्र ठरलेल्या वेळी येतो आणि निघून जातो. कर्जत व खालापूर तालुक्यांतील शाळांना ही अडचण विशेष जाणवते. येथील डोंगरवाड्यांतून ठाकूर व कातकरी समाजांची मुले शाळेत येतात. कातकरी कुटुंबांपैकी अनेक दिवाळीनंतर वीटभट्टीच्या किंवा कोळशाच्या कामावर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. अशा कुटुंबातील मुलाचा हुकलेला पाठ शाळेच्या संगणकात मुद्रित करून ठेवला असेल, तरच तो त्यास पुन्हा पाहावयास मिळतो; एरवी तो गेला तो गेलाच.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. शालेय कार्यक्रमांच्या निर्मितीसाठी पुण्यात १९८४ साली स्थापन झालेली बालचित्रवाणी ही संस्था २०१७ मध्ये बंद पडली. पुढे २०२० च्या टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका दाखविण्यात आली. ज्या वाड्यांत मोबाईलचे जाळे पोहोचत नव्हते, तेथे डिश असलेले घर हीच त्या दिवसांतील शाळा ठरली. आज शाळेत संगणक आहे आणि कित्येक ठिकाणी डिशही आहे. परंतु पाठ पाहण्याचा व मुद्रित करण्याचा प्रयत्न पहिल्या अडचणीलाच सोडून दिला जातो, असे आढळते. ‘संगणक बिघडला’ असा शेरा मारून काम थांबते. संगणकाला दोष देणे सोपे असते, कारण तो उलटून बोलत नाही.

वस्तुतः बिघाड संगणकात क्वचितच असतो. उपग्रहापासून संगणकाच्या तबकडीपर्यंत चित्राचा प्रवास अनेक टप्प्यांनी होतो : प्रथम डिश, तिच्या तोंडापुढील एलएनबी, तेथून केबल, मग सेट टॉप बॉक्स, पुढे चित्र संगणकात घेणारे कॅप्चर उपकरण, संगणकातील मुद्रणाची आज्ञावली आणि शेवटी तबकडी. यांपैकी चित्र कोणत्या टप्प्यावर हरवले, हे निश्चित केल्यावाचून कशालाही हात लावू नये. पडदा काळा दिसताच छपरावर चढून डिश हलविणे, ही सर्वांत महाग पडणारी चूक होय. कारण त्यामुळे एका बिघाडाचे दोन होतात.

शोधाची सुरुवात मधूनच करावी. सेट टॉप बॉक्सची तार संगणकाकडून काढून साध्या दूरदर्शन संचाला जोडावी. शाळेत संच नसेल तर गावातून तासाभरापुरता मागून आणावा. संचावर चित्र व आवाज नीट आला, तर डिश, केबल व बॉक्स ही तिन्ही निर्दोष ठरतात आणि शोध संगणकाच्या बाजूस वळवावा. तेथेही चित्र नसेल, तर संगणकाला विसरून आकाशाकडे पाहावे. अर्धे काम या एका कसोटीनेच होते.

आकाशाकडील बाजू थोडी विस्ताराने पाहू. पूर्वी माथेरान व प्रबळ यांच्या डोंगररांगा मुंबईच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या लहरींना आडव्या येत, म्हणून या भागात चित्र धूसर दिसे. ते जमिनीवरील जुने प्रक्षेपण दूरदर्शनने २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद केले. यास्तव एखाद्या शाळेला कोणी जुने ट्यूनर कार्ड भेट दिले असेल, तर त्यास अँटेना जोडून वाहिन्या शोधण्यात वेळ दवडू नये. त्या कार्डाला घेण्यासारखे आता हवेत काही उरलेले नाही.

डीडी फ्री डिशचे कार्यक्रम ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येतात, तो विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. कर्जतहून पाहता तो आग्नेय दिशेस, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंच असतो. त्याच दिशेला राजमाची व खंडाळ्याचा घाट उभा आहे, म्हणून ‘आमच्याकडे घाट आडवा येतो’ असे पुष्कळदा सांगितले जाते. हे खरे नव्हे. खोपोलीच्या पायथ्याशी उभे राहिले तरी घाटाचा माथा दहा-पंधरा अंशांहून फारसा वर दिसत नाही. ५८ अंशांवरील उपग्रहाला त्याचा अडथळा होणे शक्य नाही. अडथळा होतो तो शाळेच्या आवारातील आंब्याचा, फणसाचा किंवा सागाचा. डिशहून दहा मीटर उंच असलेले झाड आग्नेयेस सव्वासहा मीटरांच्या आत असेल तर ते आडवे येते, त्यापलीकडे असेल तर येत नाही. फांद्यांचा विस्तार लक्षात घेऊन सात-आठ मीटर मोकळे ठेवावेत. सातवीच्या मुलांना हे गणित कागदावर कोन काढून करावयास द्यावे. छपरावर न चढता उत्तर मिळते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डिशचे तोंड जेवढे वर वळलेले दिसते, त्याहून तिची दृष्टी पुष्कळ वर असते. तिची घडणच तशी तिरकस आहे. म्हणून डिश फारच आडवी दिसते असे वाटून ती मागे कलवू नये. एलएनबीही आपल्या पकडीत थोडा फिरवून तिरका बसविलेला असतो. तो वाकडा दिसतो म्हणून सरळ करणारे हात बरेच आहेत!

दिशा व अडथळा तपासण्याची एक उत्तम संधी निसर्ग वर्षातून दोनदा देतो. १२ मार्चच्या सुमारास सकाळी सव्वाअकराला आणि १ ऑक्टोबरच्या सुमारास अकराला काही मिनिटे असताना, या भागातून पाहता सूर्य नेमका त्या उपग्रहाच्या मागे येतो. त्या काळात काही दिवस, रोज काही मिनिटे चित्र आपोआप विस्कटते. तो बिघाड नव्हे. सूर्याच्या स्वतःच्या लहरी उपग्रहाच्या क्षीण लहरींना झाकून टाकतात. त्या क्षणी डिशवर झाडाची सावली पडली असेल, तर ते झाड आडवे येत आहे हे निःसंशय. डिश फार मळलेली नसेल, तर परावर्तित उजेड एलएनबीच्या तोंडावर एकवटलेला दिसतो. तो बाजूला पडत असेल तर डिश हललेली आहे. सूर्याकडे मात्र कोणी पाहू नये. सावली व उजेड पाहणे पुरेसे आहे.

बॉक्सच्या यादीत संकेताची ताकद व संकेताची गुणवत्ता अशा दोन पट्ट्या दिसतात. त्यांचे वाचन शिकून घेतले म्हणजे तंत्रज्ञाला बोलाविण्याचा खर्च बहुधा वाचतो. ताकद भरपूर पण गुणवत्ता शून्य असेल, तर केबल शाबूत असून डिशची दिशा चुकली आहे असे समजावे. दोन्ही शून्य असतील, तर केबल तुटली आहे, जोडात पाणी शिरले आहे किंवा एलएनबी निकामी झाला आहे. गुणवत्ता एरवी चांगली असून मुसळधार सरीच्या वेळी खाली येत असेल, तर काहीही करू नये. एवढ्या उच्च वारंवारतेच्या लहरी पावसाचे थेंब शोषून घेतात. सर ओसरली की चित्र परत येते.

आपल्याकडील पावसात खरी हानी होते ती केबलच्या जोडांची. एलएनबीला चालविणारा तेरा ते अठरा व्होल्टचा विद्युतदाब त्याच केबलमधून वर जातो. जोडात ओल शिरली म्हणजे मधली तांब्याची तार हिरवट होते आणि दाब कमी पडतो. मृगापूर्वीच जोड उघडून, तार खरवडून, नवा जोड बसवून त्यावर चिकटपट्टी घट्ट गुंडाळावी. भिंतीतून आत येण्यापूर्वी केबलला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथेच ठिबकते व आत उतरत नाही. बाहेरच्या जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकला तरी सर्व बंद पडते. जोडणी करताना बॉक्सचा वीजपुरवठा बंद ठेवावा. केबल उघड्यावर लोंबकळत असेल तर माकडांचा व उंदरांचाही विचार करावा लागतो.

बॉक्स चालू आहे, सह्याद्री वाहिनी दिसते, पण काही शैक्षणिक वाहिन्या दिसत नाहीत, अशीही तक्रार येते. तेथे बॉक्स जुना असण्याचा संभव असतो. नव्या पद्धतीने संक्षेपित केलेल्या वाहिन्या एमपेग-२ जातीच्या जुन्या बॉक्सला वाचताच येत नाहीत. बॉक्स नवा असेल, तर वाहिन्यांचा शोध नव्याने घ्यावा. वाहिन्यांच्या जागा वेळोवेळी बदलत असतात.

आता संगणकाची बाजू. बॉक्समागील पिवळी तार चित्राची आणि तांबडी व पांढरी आवाजाच्या. त्या यूएसबी कॅप्चर उपकरणातून संगणकात जातात. चित्र येते पण रंग नाही किंवा ते वरखाली सरकते, असे दिसल्यास आज्ञावलीत एनटीएससी ही अमेरिकी पद्धत निवडली गेली आहे असे समजावे. आपली पद्धत पाल, म्हणजे सेकंदाला २५ चित्रे व ६२५ ओळी. ती निवडताच चित्र स्थिर होते. चित्र आहे पण आवाज नाही, या तक्रारीचे कारण बहुधा असे की संगणक कॅप्चर उपकरणाऐवजी स्वतःच्या मायक्रोफोनमधून आवाज घेत असतो. त्या मुद्रणात पाठाऐवजी वर्गातील गलबला ऐकू येतो. हलत्या वस्तूंच्या कडांना फणीसारखे दाते दिसले, तर व्हीएलसीमधील डीइंटरलेस ही सोय सुरू करावी. उपकरण मध्येच नाहीसे होत असेल, तर ते विस्तारपट्टीत न लावता संगणकाच्या मागील छिद्रात थेट लावावे.

मुद्रणाच्या अडचणी याहून फसव्या असतात. कारण त्या घडताना दिसत नाहीत, दुसऱ्या दिवशी उघड होतात. वेळ लावून ठेवलेले मुद्रण झालेच नाही, तर प्रथम संगणकाचे घड्याळ पाहावे. आतील रुपयाएवढी बॅटरी संपली असेल, तर वीज जाताच घड्याळ जुन्या तारखेवर जाते आणि नेमलेली वेळ कधी येतच नाही. ती सीआर२०३२ नावाची बॅटरी थोड्या पैशांत मिळते. घड्याळ बरोबर असेल तर संगणक आपोआप झोपी जाण्याची सोय बंद केली आहे काय, ते पाहावे.

मुद्रण लांबत जाऊन एका ठराविक आकारावर थांबत असेल, तर तबकडी किंवा पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने आखलेला आहे. त्या पद्धतीत एक फाईल ४ जीबीहून मोठी होऊ शकत नाही. सेकंदाला ४० लक्ष बिट या दराने अर्ध्या तासाच्या पाठाला सुमारे ९०० एमबी जागा लागते. म्हणजे सव्वादोन तास उलटले की थोड्याच वेळात ही मर्यादा गाठली जाते. उपाय सोपा आहे : प्रत्येक पाठाची फाईल निराळी करावी. सलग सहा तास मुद्रित करून ठेवण्याचा मोह धरू नये. त्यातून हवा तो पाठ शोधण्यास नंतर कोणासही सवड होत नाही.

वीज जाण्याचा प्रश्न आपल्याकडे मोठा आहे. मुद्रण एमपी४ प्रकारात चालू असताना वीज गेली, तर फाईल अपुरी राहून बहुधा उघडतच नाही आणि वीस मिनिटांचा पाठ वाया जातो. ओबीएस या विनामूल्य आज्ञावलीत एमकेव्ही प्रकार निवडला, तर वीज जाईपर्यंतचा भाग सुरक्षित राहतो. हा बदल एकदाच करावयाचा आहे, आणि या लेखातील एकच सूचना पाळावयाची झाल्यास ती हीच पाळावी. स्वयंप्रभा वाहिन्यांवर एकच कार्यक्रम दिवसातून अनेक वेळा दाखविला जातो. तेव्हा तुटलेला पाठ पुढच्या फेरीत पुन्हा घेता येतो.

असे मुद्रण कायद्याने चालते काय, अशी शंका काही शिक्षकांना येते. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमातील कलम ३९ अन्वये केवळ प्रामाणिक अध्यापनासाठी केलेले प्रक्षेपणाचे मुद्रण प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग ठरत नाही. तीच फाईल गावभर वाटणे किंवा आंतरजालावर चढविणे ही गोष्ट वेगळी. ते करू नये.

प्रत्येक नव्या जोडणीनंतर दोन मिनिटांचे मुद्रण करून ते दुसऱ्या यंत्रावर लावून पाहावे. ज्या संगणकावर मुद्रण केले त्यावर ते चालले, एवढ्यावर विश्वासू नये. पूर्ण पाठ आरंभी, मध्ये व शेवटी असा तीन ठिकाणी तपासावा. फाईलला इयत्ता, विषय व तारीख असे नाव द्यावे. ‘नवीन १’, ‘नवीन २’ या नावांखाली उत्तम पाठ पुरले जातात. प्रत्येक पाठाच्या दोन प्रती असाव्यात, एक संगणकात व एक निराळ्या तबकडीत.

संगणक बंद असला तरी पाठ दाखविता यावा म्हणून तो पेनड्राइव्हवर घेऊन दूरदर्शन संचाला थेट लावता येतो. जुन्या संचांना एमकेव्ही फाईल वाचता येत नाही असे कित्येकदा घडते. ओबीएसमध्येच एमकेव्हीचे एमपी४ करण्याची सोय आहे. त्यास एखादे मिनिट लागते व चित्राचा दर्जा तसाच राहतो. पेनड्राइव्हचा संच वाड्यांवरून परतणाऱ्या मुलांसाठी तयार ठेवावयाचा असेल, तर हे काम मे महिन्यातच, वीज त्यातल्या त्यात स्थिर असताना उरकून घ्यावे.