जोर-बैठका बंद, मग खुराकाचं काय?

कोल्हापुरात पैलवानाचा गुडघा गेला की तालमीत दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘खुराक तोड, नाहीतर सुटशील.’ दुसरा म्हणतो, ‘खुराक वाढव, शीर भरून यायला पाहिजे.’ मी ७४ किलो गटात खेळायचो. एकेरी पटातून सुटताना उजवा गुडघा आतल्या बाजूला पिळला, एसीएल ही गुडघ्यातली शीर तुटली, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि दोन्ही तटांचे वकील माझ्या उशाशी येऊन बसले.

गुडघा ही कुस्तीतली जुनी नड आहे. १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझ जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांचं पुढचं ऑलिंपिक गुडघ्याच्या दुखापतीनंच हुकलं. आज दुरुस्तीची सोय आहे. फिजिओ कसरत लिहून देतो, डॉक्टर गोळ्या लिहून देतात, ताटात काय वाढायचं ते मात्र जो तो आपल्या मनानं ठरवतो. माझ्या दुखापतीच्या काळात मला जे उमगलं, ते इथे क्रमानं मांडतो.

१. खुराकाचे दोन हिस्से करा

पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई, अंडी, मटण. आपण हे सगळं एकाच नावाखाली मोजतो, पण त्यातला एक हिस्सा मेहनतीत जळण्यासाठी असतो आणि दुसरा अंग बांधण्यासाठी. दोन लिटर म्हशीचं दूध सुमारे २००० कॅलरी, शंभर ग्रॅम तूप ९००, शंभर ग्रॅम बदाम ६०० च्या आत-बाहेर. जेवणाला हात लावायच्या आधीच ३५०० कॅलरी होतात. पहाटेचे जोर, बैठका, हौद्यातली खणती आणि संध्याकाळची लढत असेल तर हे सगळं जिरतं. पाय उशीवर ठेवून पडलेल्या माणसाच्या ते पोटावर बसतं.

म्हणून मी कात्री लावली ती जळणाऱ्या हिश्श्याला. तूप भाकरीवर एक चमचा, बदाम मूठभर, थंडाईतली साखर बंद, दूध दोन पेले. दही, डाळी, चिकन यांना हात लावला नाही, अंडी तर वाढवली. वस्ताद बघायला आले तेव्हा आईनं त्यांच्या कानावर घातलं असावं. आल्या आल्या म्हणाले, “दूध तोडलंस व्हय रं? पैलवान हाईस का पेशंट?”

“वस्ताद, दूध कमी केलंय, तूप तोडलंय. अंडी वाढवल्यात.”

“बरं,” म्हणाले, “मग पैलवानच हाईस.”

२. ऑपरेशननंतर पोट मारू नका

वजन वाढायच्या धास्तीनं पोरं पहिल्याच आठवड्यात उपाशी राहायला लागतात. नेमकं तेव्हाच शरीराला काम जास्त असतं. जखम भरायची असते, सूज उतरायची असते, नवी शीर हाडात रुजायची असते. त्यात कुबड्या. तेवढंच अंतर कुबड्यांवर कापायला साध्या चालण्याच्या जवळपास दुप्पट शक्ती लागते. संडासापर्यंत जाऊन आलं तरी काखेत घाम येतो.

उलट बाजूला मांडी झपाट्यानं उतरत असते. निरोगी तरुणांचा एक पाय दोन आठवडे प्लास्टरमध्ये जखडून तपासलं, तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू सुमारे ८ टक्क्यांनी घटला आणि ताकद जवळजवळ पाव गेली. त्यांचं तर ऑपरेशनही झालेलं नव्हतं. अशात पोट मारलं तर शरीर चरबीबरोबर तोच स्नायू खर्चाला काढतं. पहिले काही आठवडे वजन जिथल्या तिथे राहिलं तरी पुष्कळ झालं.

३. प्रथिनं चार वेळा वाटून खा

दुखापतीच्या काळात खेळाडूला किलोमागे रोज १.६ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात. ७४ किलोच्या पैलवानाला साधारण १२० ते १५०. आपल्याकडे दिवसभर चहा-भाकरीवर काढून रात्री मटणाचा डोंगर रचायची रीत आहे. स्नायूला ती फारशी मानवत नाही. एका वेळी २५ ते ४० ग्रॅम, दिवसातून चारदा, असं दिलं तर त्याचं सोनं होतं.

माझं ताट असं होतं. सकाळी चार उकडलेली अंडी आणि पेलाभर दूध. दुपारी दोन ज्वारीच्या भाकरी, मटकीची उसळ, वाटीभर घट्ट दही, कांदा-काकडी. संध्याकाळी शंभर ग्रॅम पनीर, नुसतं मीठ-मिरपूड लावून. रात्री दीडशे ग्रॅम शिजलेलं चिकन, एक भाकरी, पालेभाजी. झोपताना पुन्हा पेलाभर दूध. बेरीज १३५ च्या पुढेमागे येते. आमच्या तालमीतला एक माळकरी पैलवान अंडं-मटण शिवत नाही. त्यानं चिकनच्या जागी सोयाबीनच्या वड्या धरल्या. कोरड्या पन्नास ग्रॅम वड्यांत २५ ग्रॅमच्या वर प्रथिनं मिळतात. किडनीचा किंवा साखरेचा त्रास असणाऱ्यानं हे सगळं डॉक्टरांना विचारूनच करावं.

४. वजनकाट्याच्या आधी टेप

पैलवानाचा काट्यावर फार विश्वास. आयुष्यभर वजन देऊनच मैदानात उतरायचं, तर दुसरं काय होणार? पण दुखापतीत काटा सगळं सांगत नाही. सूज म्हणजे पाणी, तेही काट्यावर चढतं. मांडी उतरली आणि पोट सुटलं तर आकडा तोच राहतो आणि माणूस खूश होतो.

फिजिओनं पहिल्या भेटीत गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटिमीटर वर पेनानं रेघ मारली आणि शिंप्याचा टेप गुंडाळला. मग डावीकडे तसंच. टेप ना ओढायचा ना ढिला सोडायचा, स्नायू सैल ठेवायचा, आणि दर वेळी रेघ त्याच जागी. दोन मांड्यांमधला फरक वहीत लिहायचा. शेजारच्या रकान्यात बेंबीवरचा घेर. मांडी भरतेय आणि कंबर जागेवर आहे, तर खाणं बरोबर चाललंय. कंबर वाढतेय आणि मांडी हलत नाही, तर तूप-साखर कुठून तरी आत शिरतेय. दर रविवारी सकाळी संडासला जाऊन आल्यावर ही मापं घ्यायची. रोज घेतली तर नुसता जीव खालीवर होतो.

५. भेटायला येणाऱ्यांचा चहा मोजा

अंथरुणातल्या माणसाचं वजन जेवणानं कमी वाढतं, पाहुणचारानं जास्त. सकाळी चुलता येतो, दुपारी तालमीतली पोरं, संध्याकाळी शेजारी. प्रत्येकाबरोबर चहा होतो, आणि आपला चहा म्हणजे कपाला दोन चमचे साखर. सहा जण आले की बारा चमचे. वर बिस्किटं. पिशवीतून सफरचंदं निघतात तसे साताऱ्याचे कंदी पेढेही निघतात, आणि आणणारा आपण खाईपर्यंत हलत नाही.

नाही म्हटलं तर माणसं दुखावतात. मी आईला एवढंच सांगितलं की माझ्या कपात बिनसाखरेचा चहा किंवा ताक ओत, कप मात्र सगळ्यांसारखाच दे. पेढ्यातला अर्धा तोंडात टाकायचा, डबा पोरांकडे सरकवायचा. तालमीतल्या पोरांना पेढा सरकवला की तो परत येत नाही.

६. पायाचं सूप प्या, पण त्यावर विसंबू नका

‘शीर तुटलीय, पाया सूप पाज’ हे प्रत्येकानं सांगितलं. सूप वाईट नाही. खुरांतून निघणारा चिकट भाग म्हणजे कोलॅजन, आणि आपली शीरही त्याचीच असते. पण पोटात गेलेलं कोलॅजन सरळ गुडघ्यात जाऊन बसत नाही. ते पचून त्याचे तुकडे होतात आणि शरीर ते हवे तिथे वापरतं. शिवाय या प्रथिनात ट्रिप्टोफॅन हे एक आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, आणि स्नायूला चेतवणारं ल्युसीन थोडं असतं. तेव्हा सूप हे अंड्यांच्या जोडीला, अंड्यांच्या जागी नाही. लिंबू पिळून प्यावं, कारण शरीर स्वतःचं कोलॅजन बनवतं तेव्हा त्याला क जीवनसत्त्व लागतं. पेरू, आवळा, मोसंबीही त्यासाठीच चांगली.

तांबड्या रश्श्याचंही तसंच. त्यातल्या फोडी खाव्यात, वर तरंगणारा तेलाचा कट पाहुण्यांना सोडावा. पांढऱ्यात नारळ, काजू, खसखस असते. वाटीभर ठीक, तांब्याभर नको.

७. गोळ्यांचा हिशोब पोटाशी ठेवा

ऑपरेशननंतरच्या काही जोरदार वेदनाशामक गोळ्यांनी पोट घट्ट बसतं. दोन-तीन दिवस संडासला होत नाही, भूक मरते, मग माणूस जेवण टाळून बिस्किटांवर येतो. यावर साधे उपाय आहेत: ज्वारीची भाकरी, पालेभाजी, भिजवलेले काळे मनुके, आणि घाम येत नसला तरी भरपूर पाणी. वारंवार उठायला लागू नये म्हणून पाणी तोडणारे पैलवान मी पाहिलेत. त्यांची फजिती सांगण्यासारखी नाही. सुजेच्या गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत. आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं, कारण घरात पडून राहिलेल्याला ऊन मिळत नाही. ६०,००० युनिटच्या पुड्या मित्रानं सांगितल्या म्हणून फोडायच्या नाहीत; डॉक्टर सांगतील तेवढ्याच.

८. बिनलेबलच्या डब्यापासून लांब

‘लवकर भरून येईल’ म्हणून कोणीतरी पावडरचा डबा आणतो, कोणीतरी इंजेक्शनचं नाव सुचवतो. जेवणातून प्रथिनं पुरत नसतील तर तपासलेली व्हे पावडर घ्यायला हरकत नाही. मात्र डब्यात काय आहे याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) चाचणीत सापडल्यावर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही. अंग भरायची इंजेक्शनं तर दारातूनच परत पाठवावीत.

९. दुखापतीत वजन तोडू नका, गटही घाईनं बदलू नका

वजन तोडणं आपल्या रक्तात आहे. दोन स्वेटर घालून पळायचं, पाणी बंद करायचं, थुंकत बसायचं. धडधाकट पैलवानालाही ते महाग पडतं. विनेश फोगाट रिओमध्ये २०१६ साली ४८ किलोत खेळताना गुडघा दुखावून बाहेर पडली, पुढे ५३ किलोत गेली, २०२३ मध्ये एसीएलचं ऑपरेशन झालं, आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५० किलोत उतरून अंतिम फेरी गाठली. तिथे शंभर ग्रॅम जास्त भरले. रात्रभर घाम गाळूनही ते उतरले नाहीत. जगातली उत्तम मदत हाताशी असून हे झालं, तर आपण तालमीच्या पत्र्याखाली काय करणार?

वाढलेलं वजन उतरवायचंच असेल तर चालणं सरळ झाल्यावर, फिजिओनं ताकदीचे व्यायाम वाढवल्यावर, आठवड्याला फार तर अर्धा किलो. तेही भाकरी-तुपातून, अंड्यांतून नाही. एसीएलनंतर मैदानात परतायला साधारण नऊ महिन्यांच्या आत घाई करू नये असं जाणकार सांगतात. म्हणजे सावकाश उतरवायला वेळ भरपूर आहे.

१०. खुराक मेहनतीच्या मागून येऊ द्या

बैठका परत सुरू झाल्या की घरचे तुपाची बरणी काढतात. बापानं म्हैस विकली नाही, डेअरीला दूध कमी घातलं, ते या खुराकासाठी. ते नाकारणं जड जातं. मी वडिलांना कागदावर हिशोब मांडून दाखवला: तुपाचे पैसे आत्ता अंड्यांना आणि पनीरला लावा, तूप पुन्हा लागेल तेव्हा मीच मागीन. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि अंड्यांचा ट्रे आणून ठेवला.

पुढे नियम हा ठेवला: आधी मेहनत वाढवायची, आठवडाभर ती टिकली की मग खुराक एक पायरी वर. सायकल सुरू झाली, दूध एक पेला वाढलं. अर्ध्या बैठका झाल्या, बदाम वाढले. हौद्यात उतरलो तेव्हा थंडाई परत आली. वस्तादांना माझी एकच विनंती आहे. जायबंदी पोराला घरी पाठवताना ‘आराम कर’ म्हणून थांबू नका. काय तोडायचं आणि काय अजिबात तोडायचं नाही, हे त्याच्या आईसमोर सांगा. ताट तिच्या हातात असतं, आणि तुमचा शब्द ती डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा जास्त मानते.