सासूबाई जेवल्या का? शुगर, विसर आणि आपलं ताट



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, सह्या झाल्या आणि एक ताई हळूच म्हणाल्या, "माझ्या सासूबाई गल्लीत सांगत फिरतात, सून जेवायला देत नाही म्हणून. सकाळीच दोन भाकरी खाल्लेल्या असतात, पण त्यांना आठवतच नाही. मी काय करू?" बोलता बोलता ताईंचे डोळे भरून आले.

त्यांच्या सासूबाईंना बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे आणि आता विसर पडायला लागलाय. लोक नावं ठेवतात म्हणून ताई परत ताट वाढतात, मग शुगर वाढते. कधी कधी उलटंही होतं. सासूबाई म्हणतात "जेवले मी", गोळी घेऊन मोकळ्या होतात आणि संध्याकाळी ताट तसंच झाकलेलं सापडतं.

तायांनो, यातला दुसरा प्रकार जास्त धोक्याचा आहे. तो का, हाच आपला या महिन्याचा आरोग्याचा धडा.

हा विसर म्हणजे काय?

वय झालं की एखादं नाव पटकन आठवत नाही, ते चालायचंच. पण आत्ता जेवलेलं न आठवणं, ओळखीच्या वाटेवर चुकणं, रोजचा स्वयंपाक करता न येणं, ही डिमेन्शियाची म्हणजे स्मृतिभ्रंशाची लक्षणं असू शकतात. तो मेंदूचा आजार आहे. ते वेड नाही आणि म्हातारीचं नाटकही नाही.

शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की रक्तवाहिन्या खराब होतात, मेंदूतल्या बारीक वाहिन्यासुद्धा. म्हणून शुगर असलेल्यांना हा आजार होण्याचा धोका जास्त असतो. 2024 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने डिमेन्शियाचा धोका वाढवणारी 14 कारणं सांगितली. त्यात मधुमेह, बीपी, धूम्रपान, कमी ऐकू येणं, एकटेपणा ही कारणं आहेत. या सगळ्यांवर वेळीच लक्ष दिलं तर जवळपास 45 टक्के डिमेन्शिया टाळता येईल किंवा लांबवता येईल, असं हा आयोग म्हणतो. म्हणजे हा धडा फक्त सासूबाईंसाठी नाही, आपल्यासाठीही आहे.

शुगर कमी झाली तर?

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण 2 टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतली जवळपास 20 टक्के ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. ती त्याला मुख्यतः रक्तातल्या साखरेतून मिळते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि पोटात काही गेलं नाही, तर साखर खाली येते आणि मेंदूची उपासमार होते.

तेव्हा घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस चिडतो, बडबडतो किंवा एकदम गप्प होतो. घरच्यांना वाटतं, आज विसर जास्तच वाढलाय. आणि तिथेच घात होतो. विसर हळूहळू वाढतो. तासाभरात माणूस बदलला तर आधी शुगर तपासा.

70 च्या खाली असेल, किंवा मशीन नसेल पण अशी लक्षणं दिसत असतील, तर हे करा :

1. शुद्धीवर असतील आणि नीट गिळता येत असेल तर चहाचे 3 चमचे साखर पाण्यात घालून पाजा.
2. 15 मिनिटांनी परत तपासा. अजून कमी असेल तर परत साखरपाणी द्या. बरं वाटलं की थोडी भाकरी किंवा पोळी खायला द्या.
3. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.
4. बरं वाटलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा. काही गोळ्यांचा असर बराच वेळ राहतो आणि साखर परत उतरू शकते.

ताटात काय वाढायचं?

डिमेन्शिया बरा करणारं कोणतंही एक फळ, चूर्ण किंवा पावडर नाही. त्यावर पैसे घालवू नका. आपलं साधं जेवण वेळेवर आणि मापात मिळणं महत्त्वाचं.

ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी चांगली, पण तिनेही साखर वाढते, म्हणून माप हवंच. सोबत मेथी, शेवगा, चवळीसारखी पालेभाजी आणि डाळ, मोडाची मटकी किंवा हुलग्याचं माडगं असू द्या. चालत असेल तर अंडं, मासे. शेंगदाण्याची, जवसाची चटणी चमचाभर. दात नसतील तर भाकरी आमटीत कुस्करून द्या आणि बसवूनच भरवा.

गूळ साखरेपेक्षा बरा, हा गैरसमज आहे. गुळाच्या चहानेही शुगर वाढते. पाणी मात्र आठवणीने द्या. त्यांना तहानेचंही भान राहत नाही आणि पाणी कमी पडलं की गोंधळ वाढतो. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकादशी किंवा श्रावणाचा उपवास नको.

"मी जेवले नाही" म्हणाल्या तर "आत्ताच तर खाल्लं" म्हणून वाद घालू नका. त्यांच्यासाठी ते खरंच असतं. दोन भाकऱ्या एकदम न वाढता आधी एक वाढा, दुसरी थोड्या वेळाने. मधल्या वेळेला साखर न घातलेलं ताक किंवा पेरूची फोड द्या.

वही ठेवा

गोळ्यांचा डबा त्यांच्या हाती ठेवू नका. एकच गोळी दोनदा घेतली जाते. घरातल्या एकाने जबाबदारी घ्यावी आणि भिंतीवर कागद लावावा : तारीख, जेवलं का, गोळी घेतली का, कोणी दिली. आधी ताट, मग खूण. बचतीच्या वहीत आपण एकही रकाना रिकामा सोडत नाही ना, तसंच. गोळी जेवणाआधी की नंतर, ते मात्र डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. आधीची असेल तर ताट समोर आल्यावरच द्या.

तोच कागद दवाखान्यात न्या आणि हे विचारा : वयाच्या मानाने शुगर किती ठेवायची? गोळ्या कमी करता येतील का? बी-12 आणि थायरॉइड तपासायचं का? मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली तर बी-12 कमी होऊ शकतं आणि त्यानेही विसर पडतो. त्यावर उपचार आहे. मनाने गोळी बंद मात्र करू नका.

बैठकीत चर्चा करा

1. आपल्या गटात कोणाच्या घरी शुगर आणि विसर दोन्ही असलेलं माणूस आहे?
2. ती ताई शेतात किंवा मजुरीला गेल्यावर दुपारी त्यांच्या जेवणाकडे कोण बघतं?
3. गावात शुगर तपासायचं मशीन कोणाकडे आहे? आशाताईंचा नंबर सगळ्यांकडे आहे का?

आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे, ते नुसतं म्हणण्यापुरतं नको. त्या ताईंच्या गटाने त्याच दिवशी ठरवलं, ताई कामावर असतील तेव्हा शेजारची सदस्य दुपारी डोकावेल आणि कागदावर खूण करेल. आणि गल्लीत कोणी "सून जेवायला देत नाही" म्हणालं, तर गटातल्याच बाया सांगतील, "अहो, तो आजार आहे."

त्या दिवशी ताई पहिल्यांदा हसल्या.

तुमची,
क्षेत्र समन्वयक