मन खचलेल्यास साहाय्य कोठे मिळते?

बँकेचा कागद वाचून घेण्यापासून मुलीच्या सोयरिकीचा सल्ला विचारण्यापर्यंत नाना कामांसाठी गावकरी गुरुजींकडे येतात. त्यांतच केव्हातरी ‘जीव नकोसा झाला’ असे शब्द कानी पडतात. गारपिटीने बाग गेलेला निफाडचा द्राक्षबागाईतदार असे बोलतो, सासुरवाशीण बोलते, क्वचित सातवीतील विद्यार्थीही वहीच्या मागील पानावर तसे लिहून ठेवतो. अशा विचारांचे मूळ बहुधा एकाच कारणात नसते. अनेक दुःखे साचत गेलेली असतात. अशा वेळी केवळ उपदेश करून भागत नाही. साहाय्य कोठे मिळते, हे शिक्षकास आधीच ठाऊक असावे.

प्रथम एका समजुतीचा निरास केला पाहिजे. आत्महत्येविषयी विचारले तर तो विचार मनात भरेल, असे पुष्कळांस वाटते. ते खरे नाही. ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ हा प्रश्न एकान्तात, शांतपणे व स्पष्ट शब्दांत विचारावा. बहुतेकांस त्याने हायसेच वाटते. उत्तर ऐकताना वाद घालू नये, आणि ‘कोणास सांगणार नाही’ असे वचन तर मुळीच देऊ नये.

उत्तर होकारार्थी आल्यास त्या व्यक्तीस एकटे सोडू नये. घरातील विश्वासू माणसास बोलावून घ्यावे. फवारणीची औषधे घरातून हलवून कुलपात ठेवण्यास सांगावे. बागाईतदाराच्या घरी ती हाताशीच असतात, आणि आवेगाचा तो काळ पुष्कळदा थोडाच असतो. तेवढा टळला म्हणजे उपचारास अवसर मिळतो. काही अघटित घडलेच असेल, तर घरगुती उतारे करीत न बसता १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. सेवा विनामूल्य असून रात्रंदिवस चालते व मराठीतून बोलता येते. पीडित व्यक्ती बोलण्यास धजत नसेल, तर शिक्षकाने स्वतः दूरध्वनी करून ‘मी काय करू?’ असे विचारण्यास हरकत नाही. सुरगाणा, पेठ येथील काही पाड्यांवर मोबाईलला रेंज मिळत नाही. तेथील शिक्षकांनी ती कोठे मिळते ते आधीच पाहून ठेवावे. संकटातील बालकासाठी १०९८ हा क्रमांक आहे.

पुढील उपचारासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. देशात तो १९९६ साली सुरू झाला. आपल्याकडे नाशिकचे जिल्हा रुग्णालय हे त्याचे मुख्य ठिकाण होय. वाट ठाऊक नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून चिठ्ठी घ्यावी. आशाताईंची सोबत मिळाली तर उत्तमच. पहिल्या खेपेस गावातील कोणी बरोबर गेल्याखेरीज रुग्ण बहुधा जात नाही, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

एका केंद्रसंमेलनात एका शिक्षकाने विचारले, ‘साहेब, पोलिसांचे झेंगट मागे लागणार नाही ना?’ याच भीतीने कित्येक घरी गोष्ट झाकली जाते व मोलाचा वेळ दवडला जातो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. अशा प्रयत्नास शिक्षा सांगणारे जुने ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेले नाही. रुग्णालयातून पोलिसांस कळविले जाते, ती नोंदीची रीत आहे, हे कुटुंबास समजावून सांगावे.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शिक्षणसंस्थांना असे साहाय्य क्रमांक ठळक ठिकाणी लावण्याचा निर्देश दिला आहे. आपल्या शाळेत ते कार्यालयाच्या कपाटात न लावता, मुलांची व पालकांची नजर जाईल अशा व्हरांड्यातील भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावेत.