फोनवर सगळं बरंच असतं

‘आई, बरी आहेस ना?’ असं फोनवर विचारलंत की उत्तर ठरलेलं: ‘मला काय धाड भरलीय!’ त्यावर विसंबू नका. दुखणं मुलांच्या कानावर घालायचं नाही, याच वळणात आमची पिढी वाढली. तेव्हा पोरांनो, घरी जाल तेव्हा विचारत बसू नका, बघा.

आधी ओट्यापाशी जा. बाईची तब्येत तिथं कळते, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या, आणि मला ते पटलंय. पातेल्यांची बुडं वरचेवर करपताहेत? डाळीत किडे झालेत आणि तिच्या लक्षात नाही? आमटी खारट झाली तर एवढं घाबरू नका, वयाबरोबर चव मंदावते. पण सणाला पुरण घालणारी बाई दोन्ही वेळा मेतकूट-भातावर भागवू लागली, तर एक तर तिला उभं राहवत नाही, नाही तर एकटीसाठी कुठं रांधायचं, असं मनानं घेतलंय. दोन्हीची दखल घ्या.

मग गोळ्यांचा डबा. महिन्याच्या गोळ्या उरत असतील तर चुकताहेत, लवकर संपत असतील तर दोनदा घेतल्या जाताहेत. रक्तदाबाची गोळी दोनदा पोटात गेली की चक्कर येऊन माणूस पडतं. दंडावर काळानिळा डाग दिसला आणि ‘कपाटाला लागलं’ असं ऐकलंत, तर न्हाणीघराची फरशी बघून या.

वडील मंडळींचं निराळंच. पट्ट्याला नवं भोक पडलंय, पायाची नखं वाढलीत, हे दिसतं तरी. पण रोज कट्ट्यावर जाणारा माणूस घरात बसू लागला, तर घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. खरं कारण पुष्कळदा असं, की लघवी धरवत नाही किंवा चारचौघांत बोललेलं ऐकू येत नाही, आणि दोन्ही सांगायची लाज वाटते. मुलीला तर सांगणार नाहीतच. मुलानं किंवा जावयानं एकांतात विषय काढावा.

विसरण्याचं म्हणाल, तर तुलना शेजारच्या आजोबांशी नको, त्यांच्या स्वतःच्या कालपरवाशी करा. नोव्हेंबरात हयातीचा दाखला न चुकता देणारे बाबा डिसेंबर उजाडला तरी गप्प असतील, तर ती खूण. आणि चांगलं बोलणारं माणूस दोन दिवसांत असंबद्ध बोलू लागलं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, यानंही म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो, आणि वेळेवर उपचार झाले तर बहुतेकदा उतरतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हळूहळू विसरभोळेपणा येत असेल तर बी-१२ आणि थायरॉइडही तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता पुष्कळ सापडते.

मदत आणाल तेव्हा कारभार मात्र हिसकावू नका. पोळ्यांना बाई लावा, भाजी काय करायची ते आईला ठरवू द्या. पासबुक तुम्ही भरून आणा, ठेवू द्या त्यांच्याच कपाटात.

परगावी असाल तर शेजाऱ्यांचा एक नंबर जवळ असू द्या. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, फोनला पैसे पडत नाहीत. आणि या दिवाळीला पाहुण्यासारखे दोन दिवस येऊ नका, चांगला आठवडा काढून या.